चुकीचा तोतरा

मी तोतरी आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा तमाशा ही गोष्ट छापायची की नाही यावरून झाला. वर्तमानपत्रात मी ती छापू दिली नाही. इथे लिहिते आहे, कारण इथे लिहायला मला कोणी भाग पाडलेलं नाही.

लोक मला 'तोतरी' म्हणत नाहीत, निदान तोंडावर तरी. नातेवाईक 'जरा अडखळते' म्हणतात. आमचे संपादक 'वाचादोष' म्हणतात, आणि तेही असा आवाज उतरवून की माझ्या घरचं कोणीतरी गेलं असावं. मला 'तोतरी' चालतं. शब्द छोटा आहे, 'त'ने सुरू होतो आणि 'त' मला येतो. मला छळणारी अक्षरं तीनच आहेत: प, क आणि म. लहानपणी दुकानातून पाच पेन्सिली आणायला पाठवलं की मी दुकानदाराला 'अर्धा डझन द्या, त्या लिहायच्या' म्हणायचे. आमच्या घरात एक पेन्सिल कायम जास्त असायची. एकेका शब्दाच्या बदली चार-चार शब्द तयार ठेवायची सवय मला तेव्हा लागली, आणि आज लेखणीवर पोट भरते ते त्या सवयीमुळेच. तेव्हा हळहळू नका. हळहळणाऱ्यांमुळे माझं डोकं फार फिरतं.

गेली अकरा वर्षं मी एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत टीव्हीवरच्या कार्यक्रमांवर लिहिते. सदराचं नाव 'रिमोट माझ्या हातात'. वाचकांना मी खाष्ट बाई म्हणून ठाऊक आहे. मी बोलते कशी, हे त्यांच्यापैकी कोणालाही ठाऊक नाही. मालिका बघायची, चांगली असेल तर चांगली म्हणायचं, भंगार असेल तर भंगार, आणि का ते सांगायचं. एवढंच मला येतं आणि तेवढं मला चांगलं येतं.

शनिवारी संध्याकाळी सात वाजता 'पोट धरून' नावाचा विनोदी कार्यक्रम लागतो. तासाभरात सहा-सात स्किट असतात. त्या शनिवारी दादा आणि वहिनी आमच्याकडे आले होते. आई सोफ्यावर, ते दोघे तिच्या शेजारी आणि मी खाली सतरंजीवर वही घेऊन. विनोदी कार्यक्रम बघताना माझी पद्धत ठरलेली आहे. जिथे खरंच हसू फुटलं तिथे वहीत एक उभी रेघ. विनोद कळला पण हसू आलं नाही तर रेघ नाही. दोन स्किट झाली तेव्हा वहीत एक रेघ होती, आणि तीही मी जरा उदार मनाने ओढलेली.

तिसऱ्या स्किटमध्ये लंबू आला. लंबू म्हणजे या कार्यक्रमाचा मुख्य नट, त्याला सगळे याच नावाने ओळखतात. तो अग्निशामक दलाच्या कचेरीत टेलिफोनवर बसला होता. फोन वाजला. लंबूने तो उचलला आणि म्हणाला, "बोला-ला-ला-ला."

टीव्हीतले प्रेक्षक खो-खो हसले. आमच्या खोलीत मात्र कोणीतरी वीज घालवल्यासारखं झालं. दादाला एकदम खोकला आला. वहिनीने पंख्याचा आवाज येतोय का, अशी चौकशी सुरू केली. आई रिमोट शोधायला लागली, जो माझ्या मांडीखाली होता.

पडद्यावर एका बाईच्या घराला आग लागली होती आणि ती फोनवरून मदत मागत होती. लंबू तिला म्हणाला, "आग कुठे-ठे-ठे लागली-ली-ली?" पुन्हा हशा.

"बंद कर ते," आई म्हणाली.

"आई, हे क..." मी अडकले आणि शब्द बदलला. "नोकरी आहे ही."

"असल्या लोकांना कोर्टात खेचलं पाहिजे," दादा म्हणाला.

"ताई, तुम्ही आत जाऊन जरा पडता का?" वहिनीने विचारलं. माझ्या पायाला वगैरे काही झालं नव्हतं.

मी वही धरून बसले. राग आलाच होता, पण त्यांना वाटत होता तो राग नाही. मला राग आला तो लंबूचा तोतरेपणा साफ चुकीचा होता म्हणून. तेवढ्यात लंबूने बाईला पत्ता विचारायला घेतला. "तुमचा पत्... पत्... पत्..." आणि ती बाई, आगीत उभी असलेली, त्याच्या मदतीला धावली. ती लंबूची नेहमीची जोडीदारीण, लहानखुरी, गोल चेहऱ्याची नटी. "पत्नी? अहो, मीच पत्नी! पत्रिका? पत्रिका कपाटात आहे, कपाट जळतंय. पत्ते? आत्ता पत्ते खेळायचे? बरं, चालेल, पिसतेय." आणि मग अत्यंत गोड आवाजात, "सावकाश बोला हं तुम्ही, घाई नाही," आणि तिच्या मागे छप्पर कोसळलं.

मी हसले. हसले म्हणजे वही हातातून पडली आणि डोळ्यांत पाणी आलं. कारण या बाईला मी ओळखते. ती बँकेच्या खिडकीत असते, दवाखान्याच्या काउंटरवर असते, कचेरीत माझ्या दोन टेबलं पलीकडे बसते. माझं वाक्य माझ्या तोंडून काढून घेऊन, चुकीचं पुरं करून, मलाच बक्षीस दिल्यासारखं परत देते. तिच्यावर कोणी कधी स्किट केलं नव्हतं.

"वहिनी, ही तुम्ही!" मी पडद्याकडे बोट दाखवलं. वहिनीला ते लागलं.

आई मात्र भडकली. "तुला लाज नाही वाटत? तुझी टिंगल चाललीय आणि तू दात काढतेस? तुला घेऊन किती डॉक्टरांच्या पायऱ्या झिजवल्या मी. जिभेखाली गोट्या ठेवायला लावल्या तुला, तेव्हा मी रात्रंदिवस रडत होते, आणि तू आता हसतेस!"

"टिंगल तुमची चाललीय, आई. सगळ्यांची. आणि झकास चाललीय."

आई जेवेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. तिचं मला वाईट वाटलं. पण तिच्यासाठी मी दुखावून घ्यावं, हे मला जमण्यासारखं नव्हतं.

रविवारी सकाळी तो भाग मी मोबाइलवर पुन्हा दोनदा बघितला, एकदा आवाज बंद करून. मग बसून लिहिला तो लेख माझ्या अकरा वर्षांतला सगळ्यात चांगला लेख होता, हे मी अजिबात न लाजता सांगते. त्यात म्हटलं होतं, की लंबू शब्द बोलून झाल्यावर अडखळतो. 'बोला-ला-ला', 'कुठे-ठे-ठे'. तोतरा माणूस शब्दाच्या सुरुवातीला अडतो. शब्द एकदा तोंडातून सुटला की तो तुमच्याआमच्या शब्दासारखाच सरळ पळतो. लंबूने रंगवलेला माणूस तोतरा नाही, तो विहिरीत तोंड घालून बोलणारा माणूस आहे. पूर्ण स्किटमध्ये तो एकदाच बरोबर अडखळला, 'पत्'वर, आणि तेही लेखकाने तसं लिहून दिलं म्हणून. कारण तिथे विनोद बोलणाऱ्याचा नव्हता, ऐकणाऱ्याचा होता. तिथेच स्किट जिवंत झालं. चेष्टा करायला माझी ना नाही, असं मी लिहिलं. कोणाचीही करा. पण आधी त्या माणसाकडे पाच मिनिटं नीट बघा, एवढी मेहनत तरी घ्या.

मंगळवारी संपादकांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

आमचे संपादक भले गृहस्थ आहेत, आणि अडचण नेमकी तीच आहे. वाईट माणसाशी कडकडून भांडता येतं. ते आपली खुर्ची सोडून माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसले.

"ताई, लेख उत्तम झालाय. पण त्यात तुम्ही कुठे आहात?"

"वर नाव आहे ना."

"तसं नाही हो. हे कोण सांगतंय, ते वाचकाला कळायला नको? एका ओळीचा प्रश्न आहे. ती ओळ आली तर लेख कुठल्या कुठे जाईल. लोक शेअर करतील. चॅनेलला माफी मागावी लागेल."

"म..." मी सुरू केलं. ते डोळे मिटून हळूहळू मान डोलवायला लागले. मी बोलायला लागले की ते नेहमी असंच करतात, आणि मला वाटतं, त्यांनी डोळे उघडायच्या आत आपण उठून निघून जावं. मी 'माफी'चा नाद सोडला. "त्याने हात जोडायला नकोत. त्याने नीट अडखळावं."

संपादकांनी माझ्या लेखाची प्रत पुढे केली. चौथ्या परिच्छेदाच्या शेवटी त्यांनी आपल्या सुवाच्य अक्षरात एक वाक्य घातलं होतं: 'मी स्वतः वाचादोषाशी झुंजत जगणारी स्त्री आहे, आणि हे बघताना मला अतोनात वेदना झाल्या.'

"वेदना झाल्या नाहीत," मी म्हटलं. "हसू आलं."

"ते... ते नका ना लिहू."

"लिहिलंय. तिसऱ्या उताऱ्यात."

त्यांनी तिसरा परिच्छेद काढून बघितला. मग त्यांनी सांगितलं, की एका डॉक्टरांचा 'वाचादोष: समज आणि गैरसमज' हा लेख त्यांच्याकडे येऊन पडलाय. माझ्या लेखात ही ओळ नसेल तर या रविवारी माझ्या जागी तो जाईल, कारण विषय ताजा आहे आणि कोणीतरी माणुसकीच्या बाजूने बोललं पाहिजे. माझा लेख पुढे कधीतरी बघू.

मला काय वाटलं ते सांगते. ही ओळ छापून आली की त्या दिवसापासून मी टीव्हीवर लिहिणारी बाई राहणार नाही, टीव्हीवर लिहिणारी तोतरी बाई होणार. मी मालिकेला भंगार म्हटलं तर लोक म्हणतील, बिचारी, आयुष्याने कडवट केलीय. चांगली म्हटलं तर म्हणतील, बघा, एवढं सोसूनही मन किती मोठं. माझं मत मत म्हणून कोणी वाचणार नाही. स्वयंपाकावर लिहिणाऱ्या माणसाला आधी आपलं पोट उघडून दाखवा, असं कोणी म्हणतं का? आणि ओळ घातली नाही तर मी लिहिलेली सगळ्यात चांगली गोष्ट खणात पडून राहणार.

हे सगळं मला त्यांना बोलून दाखवायचं होतं. त्यात 'प', 'क' आणि 'म' किती आहेत ते मोजा. मी फक्त म्हटलं, "ओळ नको."

"असं करू," संपादक म्हणाले. "तुमचं नको, माझं नको. उद्याच्या वाचनावर सोडू. टिकली तर राहील, अडली तर जाईल."

हे वाचन म्हणजे आमच्या पुरवणीची जुनी रीत आहे. दर बुधवारी दुपारी चार वाजता सगळे लिहिणारे लांब टेबलाभोवती बसतात आणि आपापला लेख मोठ्याने वाचतात. संपादक पेन्सिल घेऊन ऐकतात. वाचणारा ज्या वाक्यावर अडखळेल ते वाक्य कापायचं. वाद नाही, अपील नाही. पुरवणीच्या पहिल्या संपादकांनी 'वाचणारा अडला, वाक्य गेलं' अशी पाटीच करून भिंतीवर लावली आहे. नियम चांगला आहे. त्याने भल्याभल्यांची लांबलचक वाक्यं सरळ झाली.

आता या नियमाखाली मी माझा लेख वाचला असता तर रविवारी फक्त माझं नाव छापून आलं असतं. म्हणून अकरा वर्षांपूर्वी, माझ्या पहिल्या बुधवारीच, माझा लेख काकांनी वाचायला उचलला. कोणी ठरवलं नव्हतं, ठरून गेलं. काका म्हणजे आमचे मुद्रितशोधक, सगळ्या लेखांतल्या चुका काढणारे. तीस वर्षांत ते एकदाही अडखळलेले नाहीत. औषधाच्या बाटलीवरचा मजकूरही ते असा वाचतात की ऐकणाऱ्याला बरं वाटावं. संपादकांना हे पक्कं ठाऊक होतं. त्यांची वेदनांची ओळ काकांच्या तोंडून लोण्यासारखी गेली असती.

बुधवारी दुपारी मी काकांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले. मी त्यांना कधी हाक मारत नाही, कारण ती हाक 'क'ने सुरू होते. मी जाऊन उभी राहते आणि ते चष्मा वर करतात.

"हे वाक्य," मी प्रत दाखवली. "यावर अडखळा."

त्यांनी वाक्य वाचलं. त्यांचा चेहरा असा झाला, की अनुस्वार चुकला तरी तसा होत नाही.

"अगं पोरी, हे तुझं वाक्य नव्हे."

"म्हणूनच." हे कसं कोण जाणे एका दमात आलं.

"वाक्य वाईट आहे. पण मुद्दाम अडखळायचं म्हणशील तर ते माझ्याकडून नाही व्हायचं. आज तुझ्यासाठी अडखळलो तर उद्या दुसरा कोणीतरी येईल तिसऱ्याचं वाक्य पाडायला. मग ती पाटी काढून टाकावी लागेल."

"हे छापून येणार, तर."

"मी वाचलं तर येणार," काका म्हणाले आणि चष्मा खाली करून कामाला लागले.

मी जागेवर येऊन बसले. चहा आला, तो तसाच गार झाला. मी वाचलं तर, असं ते म्हणाले होते. दोन टेबलं पलीकडून खेळाचं पान लिहिणारा, ज्याला सगळे खेळवाला म्हणतात, त्याने विचारलं, "काय हो, बरं वाटत नाही का?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तोच तो म्हणाला, "पित्त? पाठ? पडून राहा जरा." मी मान हलवली. स्वतः वाचायची माझी भीती खरं तर तिथेच गेली, तिच्या जागी संताप येऊन बसला.

चार वाजता सगळे टेबलाभोवती जमलो. आधी खेळवाल्याने वाचलं, मग स्वयंपाकाचं पान लिहिणाऱ्या बाईंनी. त्यांचं एक वाक्य गेलं, खेळवाल्याची तीन. मग काकांनी माझा लेख हातात घेतला.

"द्या इकडे," मी म्हटलं.

काकांनी कागद लगेच दिला. ते जणू वाटच बघत होते. बाकीचे एकमेकांकडे बघायला लागले.

"ताई," संपादक म्हणाले, "तुम्ही वाचताय? छान! मग तुमच्यापुरता आपण तो नियम..."

"नियम सगळ्यांना एकच."

मी उभी राहिले. पहिल्या वाक्याचा पहिला शब्दच 'पोट' होता, आणि कार्यक्रमाच्या नावाला मी दुसरा शब्द कुठून आणणार? माझे ओठ मिटले आणि मिटलेलेच राहिले. घसा आवळला. मान एका बाजूला ओढली जाते तशी गेली. सात-आठ सेकंद गेले असतील. सात-आठ सेकंदांत माणूस एक मजला चढून येतो. स्वयंपाकवाल्या बाई टेबलावरच्या पाण्याच्या तांब्याकडे टक लावून बघत होत्या. मग 'पोट' सुटलं, आणि "'पोट धरून'च्या या भागात एकच खरा विनोद आहे," हे वाक्य सरळ शेवटपर्यंत गेलं.

संपादकांची पेन्सिल हवेत होती.

"खोडा," मी म्हटलं.

"अहो, असं कसं..."

"अडलं ना? खोडा."

तेव्हा काकांनी घसा खाकरला. "वाक्य कुठे अडलं? शब्द निघायच्या आधी जे थांबलं ते माणूस थांबला. निघाल्यावर वाक्य शेवटपर्यंत नीट गेलं, मी ऐकलं. पाटी वाक्याबद्दल आहे. निघाल्यानंतर शेपटाकडे अडलं असतं तर ते वाक्याचं अडणं."

संपादकांचा चेहरा उजळला. त्यांना माझ्याशी चांगलं वागायची वाट सापडली. "अगदी बरोबर! सुरुवातीला अडलं तर ते ताईंचं, शेवटाकडे अडलं तर वाक्याचं. असंच धरायचं. सगळ्यांना मान्य?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

मग मी वाचत गेले. अडत गेले आणि वाचत गेले. विहिरीत तोंड घालून बोलणाऱ्या माणसाशी आले तेव्हा स्वयंपाकवाल्या बाईंना फसकन हसू आलं आणि त्यांनी तोंडावर हात दाबला. "हसा हो," मी म्हटलं, "विनोद आहे तो." फोनवरची बाई 'पत्नी? पत्रिका?' करते ते वाचलं तेव्हा खेळवाला हसला, मोठ्याने हसला, आणि मग मधेच थांबून माझ्याकडे बघायला लागला. त्याचे कान लाल झाले. मला त्याची अजिबात दया आली नाही.

चौथा परिच्छेद संपत आला. संपादकांची ओळ आली. संपादकांनी डोळे मिटून घेतले.

ती 'मी'ने सुरू होत होती, म्हणजे तिथे मी खरोखरच अडले. ओठ मिटले, घसा आवळला, मान गेली. सगळे थांबले. 'मी' सुटला. आणि मग मी मान सरळ केली, घसा मोकळा सोडला, आणि लख्ख आवाजात, शनिवारी लंबूने काढला होता तसा गळा काढून वाचलं:

"मी स्वतः वाचादोषाशी-शी-शी झुंजत-त-त जगणारी-री-री स्त्री आहे-हे-हे, आणि हे बघताना-ना-ना मला अतोनात-त-त वेदना-ना-ना झाल्या-ल्या-ल्या-ल्या."

खरं तोतरेपण आणि खोटं तोतरेपण दोन्ही त्यांनी एकाच वाक्यात ऐकलं होतं, आणि फरक काय तो माझ्याच लेखाने त्यांना दहा मिनिटांपूर्वी शिकवला होता. हे मी मुद्दाम केलं, हे त्या टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाला कळलं होतं. पण एका तोतऱ्या बाईला 'तू मुद्दाम अडखळलीस' असं म्हणायची त्यांच्यात कोणाची छाती होती? इतकी वर्षं त्यांनी माझ्याशी जी जपून-जपून वागणूक ठेवली होती, तिचा मला पहिल्यांदाच काहीतरी उपयोग झाला.

संपादकांनी डोळे उघडले. "ताई, हे तुम्ही म... हे म्हणजे तुम्ही म... म..."

त्यांना 'मुद्दाम' म्हणायचं होतं आणि तो शब्द काही त्यांच्या तोंडून निघेना.

"सावकाश बोला, सर," मी म्हटलं. "घाई नाही."

स्वयंपाकवाल्या बाईंनी टेबलावर डोकं टेकलं. त्यांचे खांदे गदगदा हलत होते. काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि कोणाकडेही न बघता म्हणाले, "शेपटाकडे अडलं. आठ वेळा. मी मोजलं."

संपादक पाटीकडे बघत राहिले, मग कागदाकडे. ते भले गृहस्थ आहेत हे मी आधी म्हटलंच आहे, आणि दिलेला शब्द ते पाळतात. त्यांनी पेन्सिल टेकवली आणि आपल्या सुवाच्य अक्षरातली ती ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत खोडली. थोडी दाबूनच खोडली.

"गेलं," ते म्हणाले. मग घड्याळाकडे बघून, पुन्हा त्याच मऊ आवाजात, "बाकीचं काकांनी वाचलं तरी चालेल, ताई. तुम्ही दमला असाल."

"नाही," मी म्हटलं.

दोन परिच्छेद उरले होते. ते वाचायला मला नऊ मिनिटं लागली. कोणी उठलं नाही, आणि उठायला लागलं असतं तर मी उठू दिलं नसतं.